संग्रहालय दारी येते तेव्हा

वस्तुसंग्रहालय म्हणजे काचेआडच्या जुन्या वस्तू, अशी आपली सर्वसाधारण समजूत. परंतु वस्तू मुकी असते. व्याख्यान, कार्यशाळा, जाणकारासोबतची फेरी यांमुळेच ती बोलू लागते. मुंबईचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम १९२२ मध्ये लोकांस खुले झाले. तेच आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. जे तेथवर पोहोचू शकत नाहीत त्यांच्यासाठी त्याने २०१५ मध्ये बसमधील फिरते संग्रहालय सुरू केले. मी शेलारचा. आमच्या भिवंडी परिसरात यंत्रमागांची खडखड अखंड चालते. पण कापड हीही कला आहे, हे आम्हांस कुणी सांगितले नाही. या संग्रहालयात मात्र जुनी वस्त्रे मानाने जपली आहेत. तेव्हा अशी बस महाविद्यालयात जरूर बोलवावी; व्याख्याता मात्र एखादा विणकर असावा!