नामंजुरीचे काम

गणकयंत्राने कोट्यवधी रेणू चाळून औषध शोधल्याची वार्ता वाचली आणि ही चाळणी असते तरी कशी, हे पाहण्याच्या कुतूहलाने पुण्यातील एका प्रयोगशाळेत गेलो. तेथे प्रथम जाणवले ते हे, की औषधाच्या या ठिकाणी औषधाचा वासच नव्हता, होती ती केवळ पंख्यांची घरघर आणि हाडांत शिरणारा कृत्रिम गारवा.

"औषध होऊ शकतील असे लहान रेणू अंदाजे एकावर साठ शून्ये इतके संभवतात, सर," क्षयरोगावर काम करणारी एक संशोधक विद्यार्थिनी इतक्या सहज म्हणाली, की मी तो आकडा पुन्हा विचारून घेतला.

क्षयजंतूचे मेणचट कवच ज्यावाचून घडत नाही ते 'इनएचए' नावाचे प्रथिन पडद्यावर होते. संग्रहातून त्याची रचना घेणे, पाण्याचे कण काढणे, खाचेभोवती चौकट आखणे हे उपचार लवकर उरकतात. मग यंत्र एकेक रेणू त्या खाचेत नाना अंगांनी बसवून पाहते आणि बंधाच्या ऊर्जेचा अदमास घेऊन गुण देते. गुण जितके उणे, तितका रेणू लायक.

खरे काम मात्र त्यानंतरचे. यादीच्या शिरोभागी आलेले रेणू ती स्वतःच्या डोळ्यांनी पारखीत होती आणि जुन्या कचेरीतील शिरस्तेदाराने अर्जांवर शेरे मारावेत तशी एकामागून एक नामंजूर करीत होती: हा प्रथिनातील टायरोसिन 158 शी बंधच जोडीत नाही, याचे कडे इतके पिळलेले, की प्रत्यक्षात ते तसे टिकायचे नाही, हा रोडानिन, दिसेल त्या प्रथिनाला चिकटणारा. उणे अकरा गुणांचा अव्वल उमेदवार क्षणार्धात बाद झाला, तेव्हा माझा यंत्रावरचा विश्वास उणावला आणि तिच्यावरचा वाढला. प्रथिनाची हालचाल यंत्राला नीट उमगत नाही; जंतूचे कवच भेदून रेणू आत शिरेल काय, हे तर त्याला कोणी विचारीतही नाही.

2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात डोपामिनच्या डी4 ग्राहकासाठी 13 कोटी 80 लाख रेणू असे चाळले गेले. प्रत्यक्ष तयार करून तपासले ते 549. त्यांतून प्रभावी रेणू हाती आले, हे निर्विवाद. पण एकावर साठ शून्यांपुढे ते कोटी नगण्यच, आणि वार्तेत मिरवतात मात्र तेच. 549 रेणू घडविणाऱ्या हातांचा तेथे उल्लेखही नसतो.

इनएचएला रोखणारे औषध आयसोनियाझिड मात्र प्रागमध्ये 1912 साली तयार झाले होते. ते क्षयावर चालते हे 1952 मध्ये जाहीर झाले, आणि ते ज्या प्रथिनावर चालते त्याचा पत्ता लागला 1994 साली.