कबड्डीचं बक्षीस आणि हॉटेलातली टिप

रोह्यात कबड्डीचे सामने बघताना न्यू जर्सीहून आलेल्या भाच्याने विचारलं, "मामा, माइकवरून पैसे कसले जाहीर करतायत?"

पेण-रोह्याकडे चढाई किंवा पकड गाजली की प्रेक्षक खेळाडूला रोख बक्षीस देतात. देणाऱ्याचं नाव आणि रक्कम माइकवरून सांगतात.

भाच्याला हे टिपसारखं वाटेल, पण अमेरिकेत हॉटेलात बिलाच्या साधारण 15 ते 20 टक्के टिप देतात. आपल्याकडे टिप काय, बक्षीस काय, सगळा खुशीचा मामला!

बक्षिसाचं झालं, आता सामन्यातली हुल्लडबाजी. खेळाडूला हिरवं कार्ड म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे 2 मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामन्यातूनच बाहेर.

प्रेक्षकांना कार्ड नसतं. म्हणून आपल्या गावचा संघ हरला तरी पंचांच्या अंगावर धावू नका.

नियमांबद्दल काही शंका? कमेंटमध्ये बिनधास्त विचारा.