दवबिंदूचे छायाचित्र आणि बिनतारी फ्लॅश

साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर पावसाळ्यात ‘दवबिंदू’ नावाची इवलीशी कीटकभक्षी वनस्पती उगवते. तिच्या पानांवरील केसांच्या टोकांना चिकट थेंब असतात. कीटक त्यांना भुलतो आणि अडकतो. छायाचित्रात हे थेंब चमकले नाहीत, तर तिचे मर्मच हरवले म्हणायचे.

वस्तूएवढीच प्रतिमा घेताना एफ/४ या छिद्राला स्पष्टतेची खोली जेमतेम अर्धा मिलिमीटर मिळते. एफ/१६ ला ती सुमारे दोन मिलिमीटर होते. पण प्रकाश १६ पटींनी घटतो. म्हणून फ्लॅश हवा. तो कॅमेऱ्यावरच असला, तर भिंगाच्या नळीची सावली पडते आणि समोरच्या उजेडाने थेंब सपाट दिसतात.

बिनतारी फ्लॅश कॅमेऱ्यापासून सुटा असतो. कॅमेऱ्यावरील प्रेषक रेडिओलहरींनी वा प्रकाशाच्या स्पंदाने त्याला इशारा देतो. प्रखर उन्हात रेडिओच भरवशाचा. फ्लॅश रोपाच्या मागे, किंचित बाजूला धरावा. उजेड थेंबांतून आरपार येतो. समोर पांढरा कागद धरला की काळोखी बाजूही उजळते. अंतर निम्मे केल्यास उजेड चौपट होतो. म्हणून फ्लॅश जवळ असल्यास थोडी शक्ती पुरते. कमी शक्तीवर त्याची लखलख सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही अल्प असते, त्यामुळे वाऱ्याने डुलणारे पानही स्थिर उमटते.

मात्र फ्लॅश मांडण्यासाठी पायवाट सोडू नये. एका थेंबाच्या चित्रापायी शंभर रोपे तुडवली, तर ती कला कसली?