भुलाभाईंच्या बंगल्यातील बिऱ्हाडे

मुंबईने आपल्या चित्रकारांना मानमरातब देण्यात हात आखडता घेतला, असे म्हणता यावयाचे नाही. १८८८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीची वार्षिक प्रदर्शने आणि पदके होती, १९५२ पासून जहांगीर कलादालन होते, आणि चित्र विकत घेण्याइतकी रसिकता व ऐपत एकत्र नांदणारी चार घरेही होती. परंतु पुरे झालेले चित्र टांगावयास भिंत देणाऱ्या या शहरात, ते चित्र काढावयास लागणारी भिंत मात्र सहसा कोणी देत नसे. चार हातांचा कॅनव्हास उभा करावा, तैलरंग वाळेपर्यंत तो आठवडेच्या आठवडे तसाच राहू द्यावा आणि त्यासमोर निमूट बसून राहावे, इतकी ऐसपैस जागा चाळीच्या खोलीत कोठून यावी? तेथे संध्याकाळ झाली की चित्र उचलून अंथरुणे घालावी लागत.

ही अडचण ओळखणारी एक वास्तू वॉर्डन रोडवर होती. भुलाभाई देसाई हे आपल्या काळातील अग्रगण्य कायदेपंडित. आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांच्या बचावासाठी लाल किल्ल्यातील खटल्यात त्यांनी केलेले भाषण हीच त्यांची लोकांच्या स्मरणातील अखेरची मोठी कामगिरी ठरली, कारण १९४६ च्या मे महिन्यात ते निवर्तले. त्यांच्या पश्चात त्यांचा बंगला भाड्याने देऊन उत्पन्न घेणे हा व्यवहाराचा सरळ मार्ग होता. त्यांच्या स्नुषा मधुरी देसाई यांनी तो सोडून सासऱ्यांच्या नावे भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूट उभी केली, सोली बाटलीवाला यांनी तिचा कारभार पाहिला, आणि बंगल्याच्या खोल्या नाममात्र भाड्याने कलावंतांच्या हवाली झाल्या.

या खोल्यांत कोण कोण राबले याची नुसती नामावळी वाचली, तरी एखाद्या अकादमीने हेवा करावा. हुसेन तेथे रंगवीत असत. वासुदेव गायतोंडे यांची खोली तेथे होती, आणि आकृतीचा आधार हळूहळू सोडून देऊन केवळ रंग, पोत आणि प्रकाश यांवर चित्र तोलून धरण्याचा त्यांचा प्रवास ज्या वर्षांत झाला, त्यांतील काही वर्षे या छपराखालची आहेत. वर्षाकाठी मोजकीच चित्रे हातावेगळी करणाऱ्या या मितभाषी माणसाला जागा म्हणजे चैन नव्हती. जो चित्रकार हातापेक्षा थांबण्याने अधिक काम करतो, त्याला खोली हेच मुख्य साधन होय. गोव्यात जन्मलेल्या, सर ज. जी. कलाशाळेच्या सुवर्णपदकाच्या मानकरी प्रफुल्ला जोशी, म्हणजे पुढील काळातील प्रफुल्ला डहाणूकर, १९५६ पासून काही वर्षे तेथे होत्या. लंडनहून शिकून आलेल्या नसरीन मोहमदी याही याच वर्तुळातल्या. गायतोंड्यांचा सहवास त्यांना येथेच लाभला. बाळ छाबडा यांनी १९५९ साली ‘गॅलरी ५९’ उघडली ती याच वास्तूत, त्यामुळे एका दालनात रंगलेले चित्र शेजारच्या दालनात लोकांसमोर येऊ लागले.

आणि बिऱ्हाडे एकट्या चित्रकारांची नव्हती. अल्काझींच्या नाट्यशाळेतील तालमी, रविशंकरांच्या ‘किन्नर’ संगीतविद्यालयातील सतार, विजया मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘रंगायन’चे प्रयोग, हे सारे एकाच आवारात चालले. मराठी प्रायोगिक रंगभूमीचा इतिहास लिहिणारे या बंगल्याचा उल्लेख करतात आणि आधुनिक चित्रकलेचा इतिहास लिहिणारेही करतात. दोघे एकमेकांची पुस्तके वाचत नसावेत, अशी मला शंका आहे.

आज कलावंतांच्या निवासी वृत्तींचा बोलबाला मोठा आहे. दिल्लीत १९७६ पासून ललित कला अकादमीचे गढी येथील स्टुडिओ आहेत. मोदीनगरच्या कार्यशाळेतून १९९७ साली जन्मलेली ‘खोज’ पुढे खिडकी गावात स्थिरावली, आणि देशोदेशींचे तरुण तेथे येऊन काम करतात. या संस्थांची उपयुक्तता मला नाकारावयाची नाही. तथापि बहुतेक वृत्तींच्या मुळाशी अर्ज, प्रकल्पाची रूपरेषा, मंजुरी, ठराविक मुदत आणि शेवटी काहीतरी दाखविण्याचा तगादा असतो. सहा आठवड्यांनंतर काय निष्पन्न होणार, हे आधी लिहून द्यावयास गायतोंड्यांना सांगितले असते, तर त्यांनी कोरा कागदच परत केला असता. भुलाभाईंच्या बंगल्यात प्रकल्प-अहवालाचा हा दंडक नव्हता, आणि त्याच्या यशाचे मर्म मला तेथेच दिसते.

त्याचा दुबळेपणाही त्याच मुळातून उगवला. जे एका घराच्या औदार्यावर उभे होते, ते त्या घराची परिस्थिती पालटताच ओसरले. अल्काझी १९६२ मध्ये राष्ट्रीय नाट्यविद्यालयासाठी दिल्लीस गेले, गायतोंडे १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. पुढे बंगलाच राहिला नाही, आणि त्या जागी ‘आकाशगंगा’ ही उत्तुंग इमारत उभी राहिली. समुद्रालगतच्या जमिनीचा भाव हा मुंबईत फार जुना कलासमीक्षक आहे, आणि त्याचा निकाल फिरत नाही.

याच्या उलट मद्रासजवळच्या चोळमंडलाची कथा. तेथे के. सी. एस. पणिक्कर आणि त्यांचे शिष्य यांनी बाटिकचे कापड रंगवून विकले, त्या पैशातून १९६६ साली इंजंबक्कमला समुद्राकाठी सुमारे दहा एकर जमीन घेतली, आणि खरेदीचे दस्तऐवज कलावंतांच्याच बाजूचे राहिले. मुंबईच्या त्या बंगल्याइतकी विविध प्रतिभा तेथे एकवटली, असे मी म्हणणार नाही. पण चोळमंडल अजून आहे.

म्हणून ज्यांना कलेसाठी काही द्यावेसे वाटते त्यांना एवढीच विनंती: आणखी एक पारितोषिक नको, आणखी एक कलादालनही नको. चार उंच खोल्या द्या, आत कोण काय करतो याची झडती घेऊ नका, आणि मिळकतीचा विश्वस्तपत्राने रीतसर दस्त करून, तो हयातीतच नोंदवून टाका.