जर्नलचा क्रमांक आणि पेपरची किंमत

जून २०२५ मध्ये इम्पॅक्ट फॅक्टरची नवी यादी आली आणि मेडिकल कॉलेजांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आकडे फिरू लागले. 'लॅन्सेट' ८८.५, 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' ७८.५, अमुक जर्नल क्यू-१ मध्ये चढलं, तमुक क्यू-२ मध्ये घसरलं. त्याआधी फेब्रुवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने आपली मान्य जर्नलांची 'केअर' यादी बंद केल्याचं जाहीर केलं आणि जर्नल पारखण्याची जबाबदारी संस्थांवर व संशोधकांवर सोपवली. वैद्यकीय शिक्षकांची बढती राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नियमांनी होते, त्यामुळे या निर्णयाचा फटका त्यांना थेट बसत नाही. पण कोणाच्या तरी यादीवर डोळे मिटून विसंबण्याची सवय दोन्हीकडे सारखीच आहे. म्हणून पहिला पेपर हातात घेऊन बसलेल्या तरुण डॉक्टरला सुरुवातीलाच सांगायला हवं, की जर्नल निवडताना इम्पॅक्ट फॅक्टर सगळ्यात शेवटी बघा.

हा आकडा एका भागाकारातून येतो. २०२२ आणि २०२३ मध्ये जर्नलने जे छापलं, त्याला २०२४ मध्ये किती सायटेशन (इतर लेखांतून दिलेले संदर्भ) मिळाली ते मोजायचं आणि त्या दोन वर्षांतल्या लेखांच्या संख्येने भागायचं. गंमत छेदात आहे. संपादकीय, वाचकांची पत्रं, बातम्या सहसा छेदात धरत नाहीत, पण त्यांना मिळालेली सायटेशन मात्र अंशात मोजली जातात. त्यामुळे कोणता मजकूर 'लेख' मानायचा यावर आकडा वरखाली होतो. 'प्लॉस मेडिसिन'च्या संपादकांनी २००६ मध्ये हे जाहीरपणे लिहिलं होतं. छेदात काय धरलं जाईल त्यावर त्यांच्या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर ११ पर्यंत जाऊ शकत होता किंवा तीनच्याही खाली राहू शकत होता.

'लॅन्सेट'चाच आलेख बघा. २०२० चा आकडा ७९.३ होता. २०२१ चा २०२.७ झाला आणि २०२३ चा ९८.४ वर आला. एका वर्षात 'लॅन्सेट'चा दर्जा अडीचपट वाढला आणि पुढच्या दोन वर्षांत निम्म्यावर आला, असं कोणी म्हणणार नाही. कोविडच्या पहिल्या पेपरांना जगभरातून सायटेशन मिळाली आणि दोन वर्षांची मुदत संपताच ती हिशेबातून गेली. २०२५ च्या यादीच्याही शिखरावर २३२.४ घेऊन अमेरिकन कॅन्सर सोसायटीचं एक जर्नल होतं. ते दरवर्षी अमेरिकेतली कर्करोगाची आकडेवारी छापतं आणि कर्करोगावर लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण प्रस्तावनेत तिचा संदर्भ देतो. ती आकडेवारी मोलाची आहेच, पण त्या २३२.४ वरून बाकीच्या लेखांबद्दल काहीच कळत नाही.

याहून ठळक उदाहरण स्फटिकशास्त्रातलं आहे. 'ॲक्टा क्रिस्टलोग्राफिका'च्या 'ए' विभागाचा इम्पॅक्ट फॅक्टर एका वर्षात दोनवरून जवळजवळ पन्नासवर गेला. कारण होता २००८ मधला एकच लेख. एका संगणक-प्रणालीचा इतिहास सांगणारा हा लेख ती प्रणाली वापरणाऱ्या हजारो संशोधकांनी उद्धृत केला. 'नेचर'नेही आपल्या २००४ च्या आकड्याची फोड करून सांगितलं होतं, की ८९ टक्के सायटेशन फक्त २५ टक्के पेपरांमुळे आली होती. म्हणजे मोठ्या जर्नलमध्ये पेपर छापून आला म्हणून तो मोठा, हे गणितातच बसत नाही.

इम्पॅक्ट फॅक्टर मांडणाऱ्या युजीन गारफिल्ड यांनी १९६० च्या दशकात हे माप वापरलं ते आपल्या सायटेशन इंडेक्समध्ये कोणती जर्नल घ्यायची हे ठरवण्यासाठी. पुढे ग्रंथपालांना ते उपयोगी पडलं. माणसांची बढती त्यावर ठरवावी, असा त्याचा हेतू नव्हता. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात संशोधकांनी आणि संपादकांनी हेच ठामपणे मांडलं. नेमणूक, बढती आणि अनुदान यांसाठी जर्नलचा आकडा वापरू नका, पेपर वाचा, असं त्याचं सार आहे.

आता कोकणातल्या महाडकडे येऊ. तिथल्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांचं काम या विषयावरचा सगळ्यात चांगला धडा आहे. कोकणात लाल विंचू चावलेली मुलं हृदय निकामी होऊन दगावत होती. ग्रामीण रुग्णालयात बसून बावस्करांनी प्रत्येक रुग्णाचा घाम, नाडी, रक्तदाब आणि हातापायांचा गारवा यांची नोंद ठेवली. १९८२ मध्ये त्यांची ही निरीक्षणं 'लॅन्सेट'ने छापली. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे साधं, स्वस्त औषध विंचूदंशात वापरल्याचा अनुभव १९८६ मध्ये त्याच जर्नलमध्ये आला. आधी तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण प्राझोसिनमुळे अगदी थोड्या टक्क्यांवर आलं. त्यांच्या मागे मोठी संस्था नव्हती की संशोधनाचा निधी नव्हता. इतर कोणाकडे नसलेला प्रश्न आणि काटेकोर नोंदी, एवढीच त्यांची पुंजी होती.

माझ्या मते त्यांची जर्नलची निवड आणखी शिकवून जाते. विंचवाच्या प्रतिविषाची प्राझोसिनशी तुलना करणारा त्यांचा एक अभ्यास २००७ मध्ये 'जर्नल ऑफ द असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडिया'त आला. इम्पॅक्ट फॅक्टरच्या उतरंडीत हे जर्नल फार खाली. पण विंचूदंशाचा रुग्ण ज्याच्यासमोर येणार, तो भारतीय फिजिशियन ते वाचतो. पुढे ७० रुग्णांवरची नियंत्रित चाचणी २०११ मध्ये 'बीएमजे'ने छापली. प्रतिविष आणि प्राझोसिन दोन्ही दिलेल्या गटात दहा तासांत ९१.४ टक्के रुग्ण पूर्ण बरे झाले, तर फक्त प्राझोसिन दिलेल्या गटात २२.९ टक्के. हा निष्कर्ष विंचू असलेल्या प्रत्येक देशाच्या कामाचा, म्हणून तो जागतिक जर्नलमध्ये गेला. प्रत्येक वेळी प्रश्न एकच होता: हे कोणी वाचायला हवं?

डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ च्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत मीठ-साखरेच्या पाण्याने हजारो कॉलराग्रस्तांना वाचवलं. त्यांचा पेपर १९७३ मध्ये 'जॉन्स हॉपकिन्स मेडिकल जर्नल'मध्ये आला. ते जर्नल आज अस्तित्वातही नाही. ओआरएस मात्र घराघरांत आहे.

तेव्हा जर्नल निवडताना क्रम असा ठेवा. आधी वाचक ठरवा. मग ते जर्नल राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला मान्य असलेल्या सूचीत आहे का, हे त्या सूचीच्या संकेतस्थळावर जाऊन स्वतः तपासा, जर्नलच्या पानावरच्या बोधचिन्हावर विश्वास ठेवू नका. 'पबमेडमध्ये दिसतं' आणि 'मेडलाइनमध्ये आहे' यांत फरक आहे. मेडलाइनसाठी जर्नलची छाननी होते. पबमेडमध्ये इतर वाटांनी आलेले लेखही सापडतात. गेल्या वर्षभरातले चार-पाच लेख काढून वाचा. तुमच्या विषयाचं काम तिथे येतं का आणि ते नीट तपासलेलं वाटतं का, ते बघा. क्वार्टाइल (क्यू-१, क्यू-२ ही प्रतवारी) बघायचाच असेल तर कोणाचा, हे विचारा. इम्पॅक्ट फॅक्टर जाहीर करणारी क्लॅरिव्हेट आणि स्वतःची क्रमवारी लावणारी स्किमॅगो यांचे क्यू-१ वेगळे असतात आणि एकच जर्नल एका शाखेत क्यू-१, तर दुसऱ्या शाखेत क्यू-२ असू शकतं. कर्करोगाच्या जर्नलची तुलना त्वचारोगाच्या जर्नलशी तर करूच नका. ज्या विषयात प्रत्येक लेखात संदर्भ जास्त दिले जातात, तिथे सायटेशनही जास्त.

शुल्काचा प्रश्न वेगळा आणि गंभीर आहे. 'नेचर'ने मुक्त प्रकाशनाचं शुल्क सुरुवातीलाच ९,५०० युरो ठेवलं. दुसऱ्या टोकाला काही हजार रुपयांत आठवड्याभरात 'स्वीकृत' पत्र पाठवणारी जर्नल आहेत. २०१३ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने ढोबळ चुका पेरलेला खोटा औषध-पेपर 'सायन्स'साठी ३०४ जर्नलांना पाठवला आणि १५७ जर्नलांनी तो स्वीकारला. पुण्याच्या डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या जुन्या यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १,००९ जर्नल तपासली, तेव्हा ८८ टक्के निकषांवर उतरली नाहीत. त्याच धक्क्यातून 'केअर' यादी उभी राहिली होती. ती आता नसल्यामुळे 'ग्लोबल इम्पॅक्ट फॅक्टर'सारखे भपकेबाज आकडे मिरवणाऱ्यांचं पुन्हा फावेल, ही भीती खरी आहे.

याउलट चांगली जर्नल आपल्या दाराशी आहेत. परळच्या केईएम रुग्णालयातून १९५५ पासून निघणारं 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' आणि आयसीएमआरचं १९१३ पासूनचं 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च' इथल्या आजारांवरच्या कामाला गांभीर्याने घेतात. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठात जमा होणाऱ्या प्रबंधांतला चांगला ऐवज अशा जर्नलांकडे गेला, तर तो त्या रुग्णांवर उपचार करणाऱ्यांपर्यंत पोचेल.

२०२५ च्या यादीपासून क्लॅरिव्हेटने मागे घेतलेल्या पेपरांशी संबंधित सायटेशन इम्पॅक्ट फॅक्टरमधून वगळली, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण सुधारलेला आकडाही जर्नलचाच आकडा राहतो. बढतीच्या समित्यांना म्हणून कळकळीची विनंती आहे: उमेदवाराला त्याचा सगळ्यात चांगला एक पेपर मागा, तो आधी वाचून या आणि मुलाखतीत त्यावरच प्रश्न विचारा. एवढी एक सवय लागली, तर बनावट जर्नलांचा धंदा कोणत्याही यादीपेक्षा लवकर बसेल.