सूचींतील रिकाम्या जागा

जाड ग्रंथाच्या अखेरीस जशी शब्दसूची असते, तशीच संगणकांतील माहितीच्या कोठारालाहि, म्हणजे डेटाबेसलाहि, सूची असते. तिला इंडेक्स म्हणतात. कोट्यवधि नोंदींतून हवी ती नोंद तिच्यामुळें क्षणांत सांपडते. मात्र ही सूची स्वतः किती जागा अडवील, याचा हिशेब वाटतो तितका सरळ नाहीं.

पोस्टग्रेस्क्यूएल हा जगभर वापरांत असलेला डेटाबेस. त्यांत क्रमांकासाठीं ४ बाइटांचा आंकडा घेतां येतो, अगर ८ बाइटांचा. काटकसरी मनुष्य पहिलाच पसंत करील. सूची बरीच आटोपेल अशी त्याची समजूत. प्रत्यक्षांत दहा लक्ष निरनिराळ्या क्रमांकांची सूची दोन्ही वेळां सुमारें २१ मेगाबाइटच भरते!

याचें कारण प्रोसेसरच्या वाचण्याच्या रीतींत आहे. आठाच्या पटींत येणाऱ्या जागेपासून सुरू झालेला ८ बाइटांचा आंकडा त्यास सुखानें वाचतां येतो. आडव्यातिडव्या जागीं पडलेला आंकडा वाचण्यास कित्येकदां अधिक श्रम पडतात, आणि कांहीं प्रोसेसर तर असें वाचन साफ नाकारतात. म्हणून ६४ बिटांच्या संगणकावर सूचींतील प्रत्येक नोंद आठाच्या पटींतच बसविली जाते. नोंदीच्या आरंभींचे ८ बाइट मूळ ओळीच्या पत्त्यांत व इतर खुणांत जातात. त्यांस ४ बाइटांचा क्रमांक जोडला कीं १२ होतात. पण जागा द्यावयाची ती १६ चीच, तेव्हां ४ बाइट रिकामे. ८ बाइटांचा क्रमांक घेतला तर नेमके १६. भाडें दोघांचें सारखेंच. एकाची खोली अर्धी रिकामी, इतकाच फरक.

आणि धोका आहे तो काटकसर करणारालाच. ४ बाइटांचा क्रमांक २,१४,७४,८३,६४७ येथें संपतो. मोठ्या उलाढालींत तो खरोखरच गांठला जातो, व त्या क्षणीं नवी नोंद घेणें थांबतें. मग स्तंभ रुंद करावयाचा म्हणजे सामान्यतः सर्व ओळी पुन्हां लिहिणें आलें. तोंवर व्यवहार खोळंबून राहतात.

त्या रिकाम्या जागेंत ४ बाइटांचा दुसरा स्तंभ घातला, तर सूची मुळींच वाढत नाहीं. तीन स्तंभ असल्यास क्रमालाहि महत्त्व येतें: ४, ८, ४ असे मांडल्यास नोंद ३२ बाइटांची होते, तर ८, ४, ४ असे मांडल्यास २४ ची. तथापि केवळ जागेच्या लोभानें हा क्रम फिरवूं नये. आडनांवाऐवजीं घरक्रमांकानें लावलेली टेलिफोनची यादी लहान झाली तरी तींत माणूस सांपडावयाचा नाहीं; सूचीचेंहि तसेंच, ज्या स्तंभावरून शोध घ्यावयाचा तो तिच्यांत आधीं यावा लागतो.