करवत थांबवणारे धागे

चेनसॉ चालवताना पायांवर बांधायचे ‘चॅप्स’ चिलखतासारखे दिसतात, पण ते साखळीचे दात अडवत नाहीत. वरचं कापड फाटतंच. आतले पॉलिएस्टर किंवा केव्हलरसारख्या ॲरामिडचे लांब, सैल धागे साखळी ओढून घेते, ते तिला फिरवणाऱ्या दातेरी चाकात गुंततात आणि इंजिन क्षणार्धात अडकून बंद पडतं. म्हणूनच एकदा कापले गेलेले चॅप्स शिवून पुन्हा वापरायचे नसतात. टाका घालून जखडलेले धागे सुटणार कसे? ब्लीचनेही ॲरामिडची ताकद जाते.

युरोपीय मानकात वर्ग १ची चाचणी सेकंदाला २० मीटर साखळीवेगाला होते, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर. वर्ग २ला २४, वर्ग ३ला २८ मीटर. विजेच्या करवतीच्या बाबतीत मात्र जपून: मोटरचा जोर कमी वेगालाही टिकतो, त्यामुळे धागे गुंतूनही ती फिरत राहू शकते.

अमेरिकेत लाकूडतोडीच्या कामात चेनसॉ चालवणाऱ्याला पायांचं संरक्षण कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे वादळानंतर रस्त्यावरची झाडं तोडणारा माणूस बहुधा हाफ पँटीत, पायात स्लिपर घालून दिसतो. यंत्र घेताना पैसे मोजले जातात, चॅप्सचा विषयही निघत नाही.